पीपिंग टॉम (१९६०): वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हिचकॉकचा ‘सायको’ सगळ्यांनी पाहिलेला असतो. त्याच वर्षी, त्याच्या काही महिने आधी लंडनमध्ये लागलेल्या ‘पीपिंग टॉम’चं नाव निघालं की मात्र ठरावीक प्रश्न येतात, आणि त्यातले निम्मे चित्रपटापेक्षा त्याच्यावर झालेल्या चिखलफेकीबद्दलच असतात. म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली आहेत. खुनी कोण हे इथे सुरुवातीलाच कळतं, त्यामुळे ते लपवण्यात अर्थ नाही. खुनाच्या हत्याराबद्दलची एक गोष्ट मात्र चित्रपट बराच वेळ झाकून ठेवतो. ती ज्या उत्तरात आली आहे तिथे आधी सांगितलं आहे.

चित्रपट कोणाचा, कधीचा?

दिग्दर्शक आणि निर्माता मायकेल पॉवेल. पटकथा लिओ मार्क्सची, छायाचित्रण ऑटो हेलरचं, संगीत ब्रायन ईस्डेलचं. एप्रिल १९६० मध्ये लंडनच्या प्लाझा चित्रपटगृहात लागला. रंगीत आहे, ईस्टमनकलरमध्ये. लांबी १०१ मिनिटं. वितरक होते अँग्लो-अमाल्गमेटेड, म्हणजे स्वस्तातले भयपट आणि ‘कॅरी ऑन’ मालिकेतले चावट विनोदी चित्रपट विकणारी कंपनी. ही शेवटची माहिती लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

गोष्ट काय आहे?

मार्क लुईस हा लाजाळू, गोड बोलणारा तरुण. स्टुडिओत फोकस पुलर, म्हणजे चित्रीकरणात कॅमेऱ्याचा फोकस सांभाळणारा, म्हणून नोकरी करतो आणि उरलेल्या वेळात एका पेपरवाल्याच्या दुकानाच्या माडीवर उघड्यावाघड्या मुलींचे फोटो काढतो. तो बायकांचे खून करतो आणि ते करताना त्यांच्या चेहऱ्यावरची भीती चित्रित करतो. हत्यार म्हणजे कॅमेऱ्याच्या ट्रायपॉडच्या एका पायात दडवलेलं पातं. रात्री घरी एकटा बसून तो ती फिल्म पुन्हा पुन्हा पाहतो.

हा मुलगा असा का झाला, तेही चित्रपट सांगतो. त्याचे वडील नावाजलेले मानसशास्त्रज्ञ, भीतीचा अभ्यास करणारे. अभ्यासाचं साधन म्हणजे स्वतःचा मुलगा. झोपेत त्याच्या अंथरुणावर पाल सोडायची आणि तो कसा दचकतो याची फिल्म काढायची. आईच्या मृत्युशय्येपाशीही कॅमेरा चालूच. त्याच घरात खाली भाड्याने राहणारी हेलन त्याच्यावर जीव लावते. तिची आई आंधळी आहे, आणि मार्कचं काहीतरी बिनसलेलं आहे हे सगळ्यात आधी तिलाच कळतं.

नावातला टॉम कोण?

चित्रपटात कोणीच नाही. कॉव्हेंट्रीच्या रस्त्यांवरून नग्न होऊन घोड्यावरून गेलेल्या लेडी गोडायव्हाच्या दंतकथेत तिला चोरून पाहणारा शिंपी, तोच हा.

रक्तपात किती आहे? मुलांना दाखवावा का?

रक्त जवळजवळ नाहीच. पातं शरीरात शिरताना एकदाही दिसत नाही, किंचाळीवर दृश्य तुटतं. तरीही लहान मुलांना दाखवू नका. बापाने पोराच्या बालपणाचं जे केलं आहे, ते कुठल्याही खुनापेक्षा जास्त वेळ डोक्यात राहतं.

सुरुवातीच्या दृश्याबद्दल इतकं का बोललं जातं?

कारण पहिल्या तीन-चार मिनिटांत चित्रपट आपल्याला खुन्याच्या जागी नेऊन उभं करतो आणि आपण हूं की चूं करत नाही.

पडदाभर एक मिटलेला डोळा, तो खाडकन उघडतो. मग रात्रीचा रस्ता, दुकानाच्या काचेपाशी उभी असलेली वेश्या. मार्कच्या कोटात १६ मिलिमीटरचा कॅमेरा लपवलेला आहे, आणि त्याची घरघर सुरू होताच आपण सगळं त्याच्याच चौकटीतून पाहायला लागतो. मधोमध अधिकचिन्हासारख्या दोन रेघा, जणू नेम धरलाय. बाई वळून भाव सांगते, दोन पौंड. ती पुढे, कॅमेरा मागे. वाटेत कोडॅकचं रिकामं खोकं कचऱ्याच्या डब्यात पडतं. जिना, खोली, ती कंटाळलेल्या हातांनी कपडे उतरवायला लागते. कॅमेरा जवळ जातो, तिच्या चेहऱ्यावर आधी प्रश्नचिन्ह, मग भीती. किंचाळी, आणि कट.

यानंतर खरी मेख आहे. लगेच प्रोजेक्टर सुरू होतो, तीच दृश्यं आता कृष्णधवल आणि मुकी होऊन परत येतात, त्यांच्यासमोर खुर्चीत मार्क पाठमोरा बसलेला, आणि या सगळ्यावर श्रेयनामावली चढते. म्हणजे आपण तिकीट काढून जे पाहिलं तेच तो घरी बसून पाहतोय. दोघांच्या बसण्यातही फरक नाही. हे चित्रण झालं ती न्यूमन पॅसेज नावाची अरुंद बोळ लंडनच्या फिट्झरोव्हिया भागात आहे, आणि चित्रपटवेडे लोक ती शोधत तिथे जातात.

समीक्षकांनी नेमकं काय लिहिलं होतं?

तुटून पडले. ‘ट्रिब्यून’मध्ये डेरेक हिलने लिहिलं की याची विल्हेवाट लावण्याचा एकच समाधानकारक मार्ग आहे, फावड्याने उचलायचा आणि जवळच्या गटारात वाहवून टाकायचा, तरी दुर्गंधी राहीलच. ‘स्पेक्टेटर’च्या इझाबेल क्विगलीला हा आपल्या आठवणीतला सगळ्यात विकृत आणि घाणेरडा चित्रपट वाटला. ‘ऑब्झर्व्हर’च्या सी. ए. लजून यांनी आपल्याला इतकी किळस बऱ्याच काळात आली नव्हती असं म्हटलं. कम्युनिस्टांच्या ‘डेली वर्कर’मध्येही तोच सूर. डावे आणि उजवे, दोघांचं इतकं एकमत ब्रिटनमध्ये क्वचितच झालं असेल. ‘संडे टाइम्स’च्या डिलिस पॉवेल यांनीही चित्रपटाला दुष्ट ठरवलं. त्या दिग्दर्शकाच्या कोणी लागत नव्हत्या, आडनाव तेवढं सारखं. हे नाव ध्यानात ठेवा.

या भांडणात मुंबईचं नाव कुठून आलं?

‘डेली एक्सप्रेस’च्या लेन मोझलीमुळे. हे गृहस्थ नुकतेच आशियाचा दौरा करून परतले होते. त्यांनी लिहिलं, त्याचा आशय असा: पूर्व पाकिस्तानातल्या कुष्ठरोग्यांच्या वस्त्या, मुंबईच्या गल्ल्या, कलकत्त्याची गटारं, यातल्या कशानेही मला जेवढं मळमळलं नाही तेवढं या नव्या ब्रिटिश चित्रपटाने मळमळलं.

मुंबई महाराष्ट्राची राजधानी व्हायला तेव्हा महिनाही उरला नव्हता, आणि साहेबांच्या लेखी ती किळस मोजायचं माप होती. आपल्याला राग येणं साहजिक आहे, पण राग बाजूला ठेवून ते वाक्य परत वाचा. किळस म्हणजे परदेशातली गोष्ट, तिथे जाऊन बघायची आणि घरी परत यायचं, हे त्यात गृहीत धरलेलं आहे. ‘पीपिंग टॉम’ने नेमकं हेच मोडलं. घाण लंडनमधल्या सभ्य रस्त्यावर आणून ठेवली, तीही चांगल्या घरातल्या, इस्त्रीचे कपडे घालणाऱ्या मुलाच्या अंगात. मार्कचं घर म्हणून जे दाखवलंय ते केन्सिंग्टनच्या मेल्बरी रोडवरचं. पॉवेल स्वतः त्याच रस्त्यावर राहत होता.

पण रक्त नाही, अत्याचार पडद्यावर नाही, मग राग कशाचा? (हत्याराचं गुपित या उत्तरात आहे.)

घोडं पेंड खातं ते इथेच. मला तीन कारणं दिसतात, आणि ती सारख्या वजनाची नाहीत.

सगळ्यात वरवरचं कारण वितरकाचं. अँग्लो-अमाल्गमेटेडने त्याआधीच्या वर्षी ‘हॉरर्स ऑफ द ब्लॅक म्युझियम’सारखे पट विकले होते. त्या दुकानातला माल म्हटल्यावर समीक्षकांनी नाकाला रुमाल आधीच लावला होता.

दुसरं, माणूस कोण होता. हेच काम एखाद्या अनोळखी पोटार्थी दिग्दर्शकाने केलं असतं तर चार ओळींत निकाल लागला असता. पॉवेल म्हणजे ‘द रेड शूज’ आणि ‘अ मॅटर ऑफ लाइफ अँड डेथ’चा पॉवेल. घरातल्या थोरल्याने पंगतीत शिवी द्यावी तसं झालं.

तिसरं खरं. मार्कच्या ट्रायपॉडला पात्याबरोबर एक आरसाही आहे. मरणाऱ्या बाईला स्वतःचाच भेदरलेला चेहरा दिसतो आणि ती आणखी भेदरते. हे कळतं त्या क्षणी आपल्या ध्यानात येतं की दिग्दर्शकाने आपल्यालाही मघापासून आरशासमोरच बसवलंय. दुसऱ्याची भीती आवडीने पाहणं हा मार्कचा आजार, आणि थरारपट पाहणाऱ्याची तीच करमणूक. ज्यांचा धंदाच अंधारात बसून पाहण्याचा होता, त्यांना हे सगळ्यात जास्त झोंबलं असणार. त्यातल्या कोणी तसं लिहिलं नाही. हा माझा तर्क आहे. पण नुसत्या हिंसेवर इतका थयथयाट होत नाही.

पेपरवाल्याच्या दुकानातला प्रसंग पाहा. माइल्स मॅलेसनने केलेला एक म्हातारा सद्गृहस्थ येतो, घुटमळतो, ‘तसली’ चित्रं आहेत का विचारतो. जोडीला ‘टाइम्स’ आणि ‘टेलिग्राफ’ही मागतो. तेवढ्यात एक शाळकरी मुलगी गोळ्या-चॉकलेट घ्यायला येते आणि त्याची बोबडी वळते. चित्रं पाकिटात घालून मिळतात, पाकिटावर शैक्षणिक पुस्तकांचं लेबल. म्हातारा खुशीत निघून जातो, वर्तमानपत्रं गल्ल्यावरच राहतात. पेपरात लिहिणाऱ्या समीक्षकांनी हा प्रसंग पाहिला आणि मग आपापले लेख पेपरात छापून आणले. कुठल्याही बाजूने पाहा, मजा आहे.

म्हणजे समीक्षक मूर्ख होते?

नाही, आणि हे सोपं उत्तर मला आवडतही नाही. त्यांनी चित्रपट नीट पाहिला होता. खुन्याबद्दल कणव वाटते, त्याच्या मागे मागे जावंसं वाटतं, त्याला पोलिसांनी पकडू नये असं मधूनच वाटून जातं. हे त्यांना जाणवलं आणि त्याची भीती वाटली. त्यांचं निदान बरोबर होतं. फक्त त्यांनी तो दोष मानला, आणि नंतरच्यांनी तीच कामगिरी मानली. उलट ‘ठीक आहे, जरा लांबला’ असं लिहून जे मोकळे होतात, त्यांच्यापेक्षा मळमळलेला समीक्षक परवडला.

पटकथा लिहिणारा लिओ मार्क्स कोण?

याच्यावरच वेगळा चित्रपट निघेल. दुसऱ्या महायुद्धात शत्रूच्या प्रदेशात हेर पाठवणाऱ्या ब्रिटिश संघटनेत तो विशीतच सांकेतिक लिपीचा प्रमुख झाला. गुप्तहेर बायका-पुरुषांना पाठवण्याआधी त्यांना संकेत शिकवायचे, आणि त्यातले बरेच परत येणार नाहीत हे माहीत असायचं. व्हायोलेट झाबो या हेर तरुणीला त्याने दिलेली छोटी कविता इंग्लंडमध्ये आजही अंत्यविधींना वाचली जाते. वडिलांचं जुन्या पुस्तकांचं दुकान ८४, चेरिंग क्रॉस रोडवर. हेलीन हॅन्फच्या त्याच नावाच्या पुस्तकामुळे हा पत्ता पुस्तकवेड्यांना वेगळा सांगायला नको.

मार्क्स आणि पॉवेल यांना आधी मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड याच्यावर चित्रपट करायचा होता. जॉन ह्यूस्टन तोच विषय करतोय म्हटल्यावर बेत बारगळला, पण फ्रॉइड गेला नाही. तो मार्कच्या बापाच्या खोलीत येऊन बसला.

नायक इंग्रज, मग जर्मन वळणाने का बोलतो?

कारण नट कार्लहाइन्झ ब्योम. श्रेयनामावलीत कार्ल बोम. ‘सिसी’ चित्रपटांमध्ये रोमी श्नायडरबरोबर सम्राट फ्रान्झ जोसेफ म्हणून जर्मनभाषक बायकांच्या गळ्यातला ताईत झालेला नट, आणि मोठ्या ऑर्केस्ट्रा-संचालक बापाचा मुलगा. या उच्चाराचं स्पष्टीकरण चित्रपट देत नाही. मला तो खटकत नाही. मार्क लहानपणापासून घरातल्या घरातच परका आहे, आणि ते वेगळं न सांगता ऐकू येतं. पुढे ब्योमने जर्मन दिग्दर्शक फासबिंडरकडे काम केलं, १९८१ मध्ये इथिओपियासाठी मदतसंस्था काढली आणि उरलेलं आयुष्य मुख्यतः तिलाच दिलं.

पॉवेल स्वतः चित्रपटात आहे म्हणतात. कुठे?

मार्कने हेलनला दाखवलेल्या जुन्या घरगुती फिल्ममध्ये. तो क्रूर बाप म्हणजे पॉवेल. छोटा मार्क म्हणजे त्याचा खरा मुलगा कोलंबा. कोणाला हा खोडसाळपणा वाटतो, कोणाला त्याहून वाईट. मला तो कबुलीजबाब वाटतो. कॅमेऱ्यामागे उभं राहून माणसांना रडवण्या-घाबरवण्याचा धंदा करणाऱ्याने स्वतःला त्यातून सोडवून घेतलं नाही. स्टुडिओतला तिरसट दिग्दर्शक एसमंड नाइटने केलाय, आणि तो १९४१ मध्ये बिस्मार्क या जर्मन युद्धनौकेशी झालेल्या लढाईत दृष्टी गमावलेला, नंतर जेमतेम थोडीशी परत मिळालेला नट होता. चित्रपट काढणाऱ्यालाच दिसत नाही, हा पॉवेलचा विनोद.

‘सायको’ही त्याच वर्षीचा. तो कसा वाचला?

वाचला म्हणणं अर्धंच खरं. ‘सायको’वरही सुरुवातीला बऱ्याच जणांनी नाकं मुरडली. लजूनबाई तर मध्येच उठून गेल्या, आणि त्याच वर्षी त्यांनी ‘ऑब्झर्व्हर’ सोडलं. पण अमेरिकेत हिचकॉकने समीक्षकांना आधी खेळ दाखवलाच नाही, आणि चित्रपट सुरू झाल्यावर कोणालाही आत सोडायचं नाही असा दंडक चित्रपटगृहांना घालून दिला. परीक्षणांचा परिणाम व्हायच्या आत लोक रांगेत उभे होते. ही युक्ती ‘पीपिंग टॉम’ची गत पाहून सुचली असं सांगतात. मला पटत नाही. ‘सायको’त मध्यावर बसणारा धक्काच इतका मोठा आहे की तो फुटू नये म्हणून एवढी काळजी घ्यावीच लागली असती.

खरा फरक आतला आहे. ‘सायको’ खुनी झाकून ठेवतो आणि शेवटी डॉक्टरच्या तोंडून सगळं उलगडून आपल्याला घरी सोडतो. पॉवेल ती सोय करत नाही. आणि गंमत म्हणजे दोघं एकाच तालमीतले. मूकपटांच्या शेवटच्या काळात पॉवेल हिचकॉकच्या सेटवर स्थिरचित्रं काढायचा.

या चित्रपटाने पॉवेलची कारकीर्द संपवली, हे खरं का?

अर्धं खरं, आणि त्याचं श्रेय जरा जास्तच या एका चित्रपटाला दिलं जातं. एमेरिक प्रेसबर्गरबरोबरची त्याची ‘द आर्चर्स’ ही जोडी १९५७ मध्येच फुटली होती. स्पेनमध्ये केलेला ‘हनिमून’ पडला होता. ‘पीपिंग टॉम’च्या पुढच्याच वर्षी आलेला ‘द क्वीन्स गार्ड्स’ कोणाच्या परीक्षणामुळे नव्हे, स्वतःच्याच गुणांनी आपटला.

पण दारं बंद झाली हेही खरं. वितरकाने चित्रपट आवरता घेतला. अमेरिकेत तो १९६२ मध्ये कापाकापी होऊन गेला. वयाच्या ५४ व्या वर्षी, हात चालत असताना, या माणसाला मायदेशात मोठ्या चित्रपटासाठी पैसे मिळेनात. मग जर्मन टीव्हीसाठी बार्टोकचा ऑपेरा ‘ब्लूबिअर्ड्स कासल’, ऑस्ट्रेलियात ‘दे आर अ वियर्ड मॉब’ (तिथे तो चांगला चालला) आणि ‘एज ऑफ कन्सेंट’. काम होतं, पण घर सुटलं होतं.

परत वर आला तो कसा?

हळूहळू, आणि बाहेरून. फ्रान्समध्ये बर्त्रां ताव्हेर्निएसारखे लोक पॉवेलची बाजू आधीपासून लढवत होते. ब्रिटनमध्ये समीक्षक रेमंड दर्नात साठच्या दशकातच त्याच्याबद्दल आदराने लिहीत होता. १९७८ मध्ये ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने पॉवेल-प्रेसबर्गर यांच्या चित्रपटांचा मोठा महोत्सव केला, तेव्हा इयन क्रिस्टीने ती जुनी परीक्षणं एकत्र करून पुन्हा छापली. शिव्या एका जागी वाचल्यावर त्या चित्रपटापेक्षा शिव्या देणाऱ्यांबद्दलच जास्त सांगतात, हे तेव्हा लोकांना दिसलं.

मग अमेरिकन दिग्दर्शक मार्टिन स्कोर्सेसी. विद्यार्थिदशेत त्याने न्यूयॉर्कमध्ये याची कृष्णधवल प्रत पाहिली होती. १९७९ मध्ये पूर्ण रंगीत प्रत न्यूयॉर्क चित्रपट महोत्सवात आली आणि नंतर अमेरिकेत लागली. त्यासाठी त्याने स्वतःचे पैसे घातले. चित्रपट काढण्याबद्दल जे सांगायचं ते हा चित्रपट आणि फेलिनीचा ‘८½’ मिळून सांगून टाकतात, असं तो म्हणतो. त्याची संकलक थेल्मा स्कूनमेकर हिने १९८४ मध्ये पॉवेलशी लग्न केलं. आणि लिओ मार्क्स? स्कोर्सेसीच्या ‘द लास्ट टेम्प्टेशन ऑफ ख्राइस्ट’मध्ये सैतानाचा आवाज त्याचा आहे.

कोणी माफी मागितली का?

डिलिस पॉवेल यांनी. १९९४ मध्ये, वयाची नव्वदी उलटल्यावर, त्याच ‘संडे टाइम्स’मध्ये. ही उत्कृष्ट कलाकृती आहे अशी आपली आता खात्री झाली आहे. मेल्यावर बोलायची मुभा असेल तर मायकेल पॉवेलला शोधून त्याची माफी मागणं आपलं कर्तव्य समजू, असं त्यांनी लिहिलं. पॉवेलला जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती.

आज पाहताना काय खटकतं?

पोलीस. त्यांचा तपास कंटाळवाणा आहे, आणि कोणा सामान्य रहस्यपटातून उचलून आणल्यासारखा वाटतो. मानसशास्त्रज्ञ स्टुडिओत येऊन मार्कच्या रोगाचं नाव सांगतो, तेही शाळेतल्या धड्यासारखं. मेलेल्या बायकांबद्दल आपल्याला काहीच कळत नाही, ही तक्रारही रास्त आहे, जरी स्टुडिओत मार्कच्या हाती सापडणाऱ्या विव्हियनच्या वाट्याला थोडं अंग आलंय. बापाने छळलं म्हणून मुलगा खुनी झाला, हे गणित इतकं सरळ नसतं हे आज शाळकरी पोरंही सांगतील.

कोणती प्रत पाहावी? आणि आधी काय पाहून ठेवावं?

२०२३ मध्ये स्कोर्सेसीच्या फिल्म फाउंडेशनने ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटसोबत नव्याने दुरुस्त केलेली प्रत आली आहे, ती मिळाली तर तीच. हेलरचे लाल आणि हिरवे रंग जुन्या प्रतींमध्ये अगदी मरून गेलेले असतात. मोबाईलवर पाहू नका. कॅमेऱ्याची घरघर नीट ऐकू यायला हवी, ती जवळजवळ एक पात्रच आहे.

आधी ‘ब्लॅक नार्सिसस’ (१९४७) पाहिलात तर पॉवेलला स्टुडिओत काय काय जमायचं ते कळेल. अख्खा हिमालय त्याने इंग्लंडमध्येच उभा केला, आणि त्यात आपला म्हैसूरचा नट साबू आहे. पण एकच पाहणार असाल तर ‘द रेड शूज’ पाहा. त्यात जीव तोडून नाचणारी मोइरा शीअरर इथे विव्हियन आहे. रिकाम्या स्टुडिओत टेपरेकॉर्डर लावून ती एकटी नाचते, मार्क कॅमेऱ्याची तयारी करत तिच्याशी गोड गोड बोलत राहतो, आणि ज्याने तिला आधीच्या चित्रपटात नाचताना पाहिलंय त्याला तो प्रसंग दुप्पट लागतो.